बेडूक पाण्यात डराव करतो

मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या डोहाळजेवणात, रिसेप्शनच्या पंगतीत मी लोकांच्या गळ्याकडे बघते. गळ्यातल्या दागिन्यांकडे नाही, गळ्याकडे. घास खाली जाताना कंठमणी वर उचलला जातोय का, पाणी प्यायल्यावर माणूस खाकरतोय का, खाकरला तर त्याचं पुढचं वाक्य ओलं येतंय की कोरडं. निवृत्त झाले तरी ही खोड जात नाही. नवरा म्हणतो, तुझ्यासमोर जेवायचं म्हणजे तोंडी परीक्षेला बसायचं. बसावं की मग. रोज पास होतोय ना.

मी मूळची अकोल्याची. स्पीच थेरपी मुंबईत शिकले आणि कामाची सगळी वर्षं न्यू जर्सीत काढली. आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर भाजी घेताना भेटणाऱ्या दर दुसऱ्या माणसाचा समज असा की मंजूमावशी तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवते. तेही केलं. सनीव्हेलहून फोन करून "मॅम, माझा व्ही आणि डब्ल्यू फिक्स करून द्या, प्रमोशन अडलंय" म्हणणारे इंजिनिअरही केले, आणि त्यातल्या काहींची प्रमोशनं झालीसुद्धा. पण माझं निम्मं आयुष्य गेलं ते म्हाताऱ्या माणसांना गिळायला शिकवण्यात. हे सांगितलं की लोक हसतात. गिळायला काय शिकवायचं, ते तर बाळालाही येतं म्हणतात. येतं, तोवर येतं.

आता दिवाळी अंकात लिहायला बोलावलंच आहे तर समजावून सांगते. आपल्या घशात दोन पडद्यांचं एक फाटक असतं. ते मिटलं आणि मधून हवा थरथरत गेली की आवाज होतो. तेच फाटक घास गिळताना घट्ट मिटतं, म्हणून अन्न फुप्फुसात जात नाही. एकच फाटक, दोन कामं. म्हणून बोलणं आणि गिळणं या दोन्हींची डॉक्टरीण एकच. त्यातला एक पडदा लंगडा झाला की आवाज फुसका होतो आणि पाणी चुकीच्या वाटेनं जातं. ठसका लागला तर नशीब म्हणायचं. कधी ठसकाही लागत नाही, आणि आठवड्याभरात न्यूमोनिया होतो.

यावर आमचा उपाय म्हणजे पाणी घट्ट करायचं. पातळ पदार्थ धावत सुटतो, घट्ट सावकाश उतरतो, लंगड्या फाटकाला मिटायला सवड मिळते. एक पांढरी पावडर मिळते, ती घालून कुणाला ताकाइतकं, कुणाला कढीइतकं, कुणाला श्रीखंडाइतकं पाणी द्यायचं. जगात या पावडरीइतकी बदनाम गोष्ट दुसरी नाही. शेजारच्या एडिसन गावात माझे एक पेशंट होते, स्वतः निवृत्त डॉक्टर, नागपूरकडचे. माझ्यासमोर घट्ट चहा गुणी बाळासारखे प्यायचे आणि मी गाडी सुरू केली की काकू त्यांना फ्रिजच्या दाराआड नेहमीचा आल्याचा चहा द्यायच्या. दोघं मिळून चोरून. शेवटी छातीत कफ भरून हॉस्पिटलात गेले. बरे होऊन आल्यावर मला म्हणाले, मंजू, तुझा चहा म्हणजे पिठलं आहे गं, पिठल्यासाठी कोण जगतं? मला राग आला होता, पण मुद्दा बरोबर होता. तेव्हापासून नवीन पेशंटच्या घरी गेले की मी तोंड तपासायच्या आधी एकच विचारायची. तुम्हाला काय गिळायचंय? माणूस ज्यासाठी मेहनत करेल ती गोष्ट आधी कळली पाहिजे.

हाच प्रश्न मी वाख्तांगना विचारला.

वाख्तांग जॉर्जियाचे. जॉर्जिया म्हटलं की आपली माणसं लगेच अटलांटात आपलं कोण कोण आहे ते सांगायला लागतात. तो जॉर्जिया नव्हे. तुर्कस्तान आणि रशियाच्या मधला डोंगराळ देश. वाख्तांग आणि त्यांचा मित्र पेत्रे या दोघांनी ब्रुकलिनमध्ये बेकरी काढली होती. आपल्या तंदूरसारखी मातीची खोल भट्टी, तिच्या आतल्या भिंतीला होडीच्या आकाराचा पाव थापायचा. वाख्तांग पीठ मळायचे आणि उंच पेत्रे कमरेतून वाकून भट्टीत अर्धा शिरायचा. अशी दोघांची तीस-पस्तीस वर्षं गेली. नंतर बेकरी वाख्तांगच्या मुलीनं, नीनोनं, घेतली आणि ते तिच्याकडे न्यू जर्सीत राहायला आले.

त्यांचं हृदयाजवळच्या मोठ्या धमनीचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन उत्तम झालं, आवाज गेला. घशातल्या डाव्या पडद्याची नस मेंदूतून निघते ती सरळ घशात जात नाही. छातीत उतरते, त्या धमनीखालून वळसा घालते आणि पुन्हा वर येते. असा आडमार्ग कुणी आखला कोण जाणे, पण तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या छातीत तो आहे. ऑपरेशनमध्ये ती नस दुखावली आणि डावा पडदा उघडाच राहिला. घशात इंजेक्शन देऊन तो पडदा फुगवता येतो, पण म्हातारबुवांनी डॉक्टरांना साफ सांगितलं होतं की आता मला कुणी सुई लावायची नाही.

तुम्हाला काय गिळायचंय, मी विचारलं. मला वाटलं वाइन म्हणतील, जॉर्जियन माणूस दुसरं काय म्हणणार. ते कुजबुजत बराच वेळ नीनोशी बोलले. मग नीनोनं सांगितलं, आणि सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. वाख्तांग हॉस्पिटलात नळ्या लावून पडलेले असताना इकडे पेत्रे गेला होता. अंत्यविधीला ते जाऊ शकले नाहीत. आता ऑक्टोबरात वर्षाचं जेवण होतं, आणि त्या टेबलाचा तमादा त्यांना व्हायचं होतं.

तमादा म्हणजे काय ते मला तेव्हाच कळलं. जॉर्जियन पंगतीत एक माणूस प्रमुख असतो. तो उभा राहतो, ज्याच्यासाठी प्यायचं त्याच्याबद्दल बोलतो, मग ग्लास रिकामा करतो. त्याच्या शब्दाआधी कुणी घोट घेत नाही. मेलेल्या माणसासाठी पिताना ग्लास ग्लासाला भिडवत नाहीत, आधी पावाच्या तुकड्यावर वाइनचे थेंब सोडतात आणि मग पितात. दोघांच्या तारुण्यातच ठरलेलं होतं की जो मागे राहील तो दुसऱ्याचा तमादा. वाख्तांग उभे राहू शकले नाहीत तर त्यांच्या चुलतभावाला बसवणार होते. नीनो म्हणाली, तो काका कुणाच्याही मयताला स्वतःबद्दलच बोलतो.

तमादा प्रकरण मला नवं होतं, मी उत्साहात होते. दुसऱ्या भेटीला मी पावडर घालून वाइन घट्ट करून दाखवली. ग्लासात जांभळाचा जॅम तयार झाला. वाख्तांगनी चमचा त्यात उभा करून पाहिला. तो पडला नाही. मग माझ्याकडे इतक्या दयेनं बघितलं की मी तो ग्लास स्वतःच उचलून सिंकमध्ये ओतला.

पुढचे दीड-दोन महिने आमचे वाईट गेले. व्यायाम ठरलेले असतात. खुर्ची खालून ओढत जोरानं 'आ' म्हणा, इंग्रजी शब्द ठासून म्हणा, अ‍ॅपल, एग, ऑरेंज. वाख्तांग म्हणायचे, पण मनातून नाही. नीनो म्हणाली, इंग्रजी पपा फक्त मैदा विकत घेताना बोलतात. खोटं कशाला सांगू, मलाही कंटाळा यायला लागला होता. उन्हाळा संपत आला आणि आवाजात काडीचा फरक नव्हता. चुलतभाऊ एकदा येऊन भाषणाची तयारी ऐकवून गेला.

मग एक दिवस मी बॅग आवरत होते आणि नीनो स्वयंपाकघरात फोनवर बेकरीतल्या कुणाला तरी झापत होती. तिच्या बोलण्यात मध्येच कुठेतरी टक् टक् असे बारीक आवाज येत होते, कुणी हरभरे फोडतंय तसे. तीच भाषा मी दोन महिने वाख्तांगच्या तोंडून ऐकत होते, आणि त्यांच्या बोलण्यात हे आवाज नव्हते. माझ्या हातातली बॅग खाली आली. फोन ठेवल्याबरोबर मी नीनोला म्हटलं, तुमच्या भाषेत पाव म्हण. तिनं म्हटलं. आता तोंडासमोर तळहात धरून म्हण. तिनं धरला, मग मी माझाही हात धरला. हवा लागली नाही.

हे आवाज मी पुस्तकात शिकले होते, परीक्षेला लिहिले होते आणि विसरले होते. कारण ते माझ्या कुठल्याच पेशंटच्या भाषेत नव्हते. तुम्हीही करून बघा. जड पिंप उचलताना आपण श्वास कसा रोखतो, तसा रोखा. म्हणजे घशातलं फाटक बंद झालं. आता ते बंदच ठेवून, छातीतली हवा अजिबात न वापरता, तोंडात कोंडलेल्या हवेनंच क म्हणा. नुसतं टक् असं काहीतरी निघालं ना? निघालं असेल तर शाबास. तोच त्यांचा क. मी त्याला टिचकीचा क म्हणते. तोंडासमोर टिश्यू पेपर धरलात तर आपला ख तो उडवेल, आपला क जरासा हलवेल आणि टिचकीचा क ढिम्म हलवणार नाही.

त्यांच्याकडे या टिचक्यांचं घराणंच आहे. ग, ख आणि टिचकीचा क. द, थ आणि टिचकीचा त. ब, ओठ मिटून म्हटलेला फ आणि टिचकीचा प. आपला साधा, मऊ क-त-प नाहीच. त्याशिवाय दोन टिचकीचे च आहेत. इथे मात्र मराठी माणूस बिनविरोध निवडून येतो. 'चार चमचे' म्हणा. चारमधला च वेगळा आणि चमच्यातला पहिला च वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. जीव आणि जरा यातले ज पण तसेच. माझ्या हिंदीवाल्या मैत्रिणींना हे दोन च सांगताना मी घायकुतीला येते. जॉर्जियनमध्ये दोन्ही च आहेत, दोन्ही ज आहेत. मी ते पहिल्या दमात म्हणून दाखवले तेव्हा वाख्तांगनी आपल्या गावाकडची आहेस का विचारलं. मी म्हटलं, अकोल्याची.

खाकरून काढल्यासारखा एक ख आहे आणि गझल नीट म्हणणाऱ्यांचा असतो तसा एक ग आहे. ते जमतात. लिहितात तसंच बोलतात, कॅपिटल अक्षरं नाहीत, म्हणजे आपल्या देवनागरीसारखाच सरळ कारभार. पण एक अक्षर आहे ज्यानं माझा घाम काढला. टिचकीचा क, पण जीभ जिथे संपते त्याच्याही मागून, घास अडकतो तिथून. मी गाडीत त्याचा रियाज करायची. एकदा ओक ट्री रोडच्या सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच खाली करून मला पाण्याची बाटली देऊ केली.

तर मुद्दा असा, की ही प्रत्येक टिचकी म्हणजे घशाचं फाटक कडेकोट बंद करणं. जे मी खुर्च्या ओढायला लावून करवून घेऊ बघत होते, ते या माणसाच्या भाषेत प्रत्येक वाक्यात दहा वेळा होतं. त्याच्या घरातच व्यायामशाळा होती आणि मी त्याला बाहेर रस्त्यावर पळवत होते. आणि त्याला गप्प का व्हावंसं वाटत होतं तेही आता कळलं. त्या भाषेत पाण्याला म्हणतात 'त्स्काली'. सुरुवातीचा त्स म्हणजे चमच्यातलाच च, पण टिचकीचा, लगेच दुसरी टिचकी त्या खोलातल्या क ची. पावाला म्हणतात 'पुरी'. हो, पुरीच, पण टिचकीच्या प ची. वाख्तांगना पाणी पिता येत नव्हतं आणि पाणी म्हणताही येत नव्हतं. आयुष्यभर पाव भाजला त्या माणसाला पाव म्हणता येत नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या नावातला त टिचकीचा. आणि पेत्रे या नावात तर प आणि त, दोन्ही टिचक्या. मित्राचं नाव तोंडातून हवेसारखं निघून जात होतं. मी घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं आणि सांगता सांगता रडले.

माझ्या सुपरव्हायझरला ही नवी तऱ्हा पसंत नव्हती. तुला ही भाषा येत नाही, चूक-बरोबर कशी तपासणार, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, हातावर हवा लागते की नाही हे कळायला भाषा यावी लागत नाही. तिनं महिनाभराची मुदत दिली.

मी नीनोला विचारलं, तुमच्यात पोरांची जीभ वळवायला काय म्हणायला लावतात? आपल्याकडे कच्चा पापड, पक्का पापड आहे तसं. ती हसायलाच लागली. म्हणाली, बेडूक. 'बाकाकी त्स्काल्शी किकिनेब्स.' बेडूक पाण्यात डराव करतो. सगळे क त्या खोलातले. एकेका शब्दात घसा इतक्या वेळा बंद होतो की माझ्यासारखीला सोनंच सापडलं. दुसऱ्या दिवसापासून अ‍ॅपल आणि ऑरेंजला सुट्टी दिली. मी, वाख्तांग, नीनो आणि कधी कधी तिचा नवरा, असे आम्ही जेवणाच्या टेबलाभोवती बसून टिश्यू पेपर तोंडासमोर धरून बेडूक म्हणायचो. म्हातारबुवा माझा बेडूक दुरुस्त करायचे. त्यासाठी त्यांना तो आधी नीट म्हणून दाखवावा लागायचा, आणि हेच मला हवं होतं. विद्यार्थी फारच ढ असला की मास्तराचा आवाज आपोआप चढतो. माझा बेडूक बरेच दिवस मुद्दाम ढ राहिला. काही दिवस तो खरोखरच ढ होता, ते वेगळं.

सर्वांत मागची टिचकी आधी परत आली. तिथे जागा लहान, कोंडायला हवा थोडी लागते, म्हणून ती सोपी. मग क आला, मग त. एक दिवस त्यांनी दार उघडलं आणि मी नमस्कार म्हणायच्या आत स्वतःचं नाव सांगितलं, त सकट. बाईसाहेबला त्यांच्यात 'खालबातोनो' म्हणतात, त्यातलाही त खणखणीत लागायला लागला. आवाजात धार आली. शेजारच्या घरातल्या कुत्र्याला ते पुन्हा ओरडायला लागले. प मात्र येईना. ओठांमागे तोंडभर हवा असते, ती दाबायला घसा फार पक्का मिटावा लागतो. पुरी म्हणायला गेले की बुरी तरी व्हायची नाहीतर फुरी. पेत्रेचंही तेच.

डॉक्टर नंतर म्हणाले, नस आपोआप जागी होत होती, वर्षभरात होते कधी कधी. म्हणू देत. बेडकाला विचारा.

जेवणाच्या आदल्या आठवड्यात हॉस्पिटलात गिळण्याचा एक्स-रे केला. पेशंट खुर्चीत बसून पांढरं औषध घातलेलं पाणी पितो आणि ते कुठून कुठे जातं ते टीव्हीसारख्या पडद्यावर काळ्या रंगात चालत्या चित्रासारखं दिसतं. कढीइतकं घट्ट व्यवस्थित गेलं. पातळ दिलं आणि एक बारीक काळी रेघ फाटकाखाली उतरली. थोडीच, पण उतरली. वाख्तांगना पडद्यावरचं कळत नव्हतं, माझा चेहरा कळत होता. त्यांनी कप ठेवून दिला.

मी रेडिओलॉजिस्टला म्हटलं, अजून एक घोट. आणि वाख्तांगना सांगितलं, मान पूर्ण डावीकडे वळवा, हनुवटी खाली घ्या, आणि प्या. ही जुनी युक्ती आहे. लंगड्या बाजूला मान वळवली की घशाची ती बाजू दाबली जाते आणि घोट धड बाजूनं उतरतो. त्यांनी वळवली, प्यायले. रेघ नाही. पुन्हा प्यायले. रेघ नाही. मी टाळ्या वाजवल्या, हॉस्पिटलात वाजवत नाहीत तरी. डॉक्टरांनी लहान घोटांच्या अटीवर वाइनलाही हो म्हटलं.

पण वाख्तांग खूश झाले नाहीत. गाडीत नीनोनं त्यांचं म्हणणं मला सांगितलं. तमादा लोकांच्या डोळ्यात बघून पितो. तोंड फिरवून पिणारा तमादा म्हणजे लाजणारी नवरी. तोंड फिरवलं तर माणसं म्हणतील म्हातारा घाबरला, आणि चुलतभाऊ तर गावभर सांगेल. मी त्यांना सरळ सांगितलं, "समोर बघून पिणार असाल तर तुम्ही बोलावलंय तरी मी त्या टेबलाशी बसणार नाही. तुम्हाला पुन्हा हॉस्पिटलात बघायची माझी तयारी नाही." मी अजून एक अट घातली, दर ग्लासानंतर मोठ्यानं काहीतरी म्हणायचं. आमच्यात घोटानंतर पेशंटला बोलायला लावतात. आवाज ओला आला, गुळगुळला, तर पाणी आत गेलंय. कोरडा आला तर सगळं ठीक. त्यावर त्यांनी मान डोलावली. पहिल्या अटीवर नाही.

ब्रुकलिनमधल्या एका रेस्टॉरंटच्या मागच्या हॉलमध्ये जेवण होतं. मी सिल्कची साडी नेसून गेले आणि नीनोनं मला तमादाच्या बरोबर समोर बसवलं. लांबलचक टेबल, काळ्या कपड्यातली माणसं, प्रत्येकापुढे वाइनचा ग्लास आणि होडीच्या आकाराचा पाव, नीनोनं पहाटे भाजलेला. टेबलाच्या टोकाला पेत्रेची बायको, एकदम ताठ बसलेली. चुलतभाऊ वाख्तांगच्या उजव्या हाताला, टायची गाठ सारखी करत. माझं लक्ष गेलं ते डाव्या हाताच्या खुर्चीकडे. ती रिकामी होती. तिच्यापुढे पेत्रेचा फोटो ठेवला होता, फोटोपुढे भरलेला ग्लास आणि पाव. नीनो माझ्या कानात म्हणाली, फोटो टेबलाच्या टोकाला ठेवायचा ठरला होता, पपांनी सकाळी येऊन स्वतः सगळं हलवलं.

वाख्तांग उठले. ते काय बोलले ते मला कळलं नाही, मध्येच भट्टी आणि पीठ हे शब्द ओळखीचे वाटले. मी माझ्या पद्धतीनं ऐकत होते, टिचक्या मोजाव्यात तसं. क येत होता. त येत होता. त्यांनी पावाचं नाव घेतलं आणि ओठांवर स्वच्छ टक् वाजलं. पुरी. माझ्या शेजारी नीनोनं माझा हात आवळला. मग ते डावीकडे वळून, फोटोकडे बघून म्हणाले,

"पेत्रे."

दोन्ही टिचक्या. हॉलच्या शेवटापर्यंत गेल्या असतील. टोकाला त्याच्या बायकोनं डोळे मिटून घेतले.

त्यांनी पावावर वाइनचे थेंब सोडले. मग मान पूर्ण डावीकडे वळवली, हनुवटी खाली घेतली, मित्राशी काही खासगी बोलावं तशी, आणि लहान लहान घोटांनी सगळा ग्लास रिकामा केला. कुणालाही वाटलं नाही की ते तोंड फिरवतायत. ते पेत्रेबरोबर पीत होते. आणि मग एकेक करून सगळे उभे राहिले, प्रत्येकानं पावावर थेंब सोडले आणि मान डावीकडे वळवून, हनुवटी खाली घालून ग्लास संपवले. चुलतभावानंही, टाय सावरत. तमादानं केलं म्हणजे रीत असणार.

मी कुठे पिणार, मी श्वास रोखून वाट बघत होते. ठसका नाही. अजूनही नाही. वाख्तांगनी मान सरळ केली, शोक करणाऱ्या त्या सगळ्या माणसांवरून नजर फिरवत माझ्यापाशी आणली, आणि अट पाळली.

"बाकाकी त्स्काल्शी किकिनेब्स."

चुलतभावाचं तोंड उघडं राहिलं. मग टेबलाच्या टोकाहून पेत्रेच्या बायकोचा आवाज आला, रडका, हसरा, आणि तिनंही तेच वाक्य म्हटलं, लहान पोरी म्हणतात तसं भराभर. आणि मग सगळेच म्हणायला लागले. प्रत्येक जॉर्जियन पोराला ते कधी ना कधी म्हणायला लावलेलं असतं. वर्षश्राद्धाच्या टेबलावर पन्नास-साठ माणसं बेडूक पाण्यात डराव करतो म्हणत रडत होती, आणि मीही. पण वाख्तांगचा आवाज मी आधीच ऐकून घेतला होता. कोरडा होता. अगदी कोरडा.

पुढच्या आठवड्यात त्यांना थेरपीतून मोकळं केलं. त्यानंतर कितीतरी पेशंट आले आणि गेले. सगळ्यांचं असं झालं नाही, बऱ्याच जणांचं पिठलंच राहिलं, त्यांची नावं मला आठवतात. वाख्तांग अजून आहेत. नीनो नवीन वर्षाला पाव पाठवते आणि सोबत खबर. यंदा तिनं फोनवर सांगितलं की ब्रुकलिनमधल्या त्यांच्या ओळखीच्या घरांतून आता गेलेल्या माणसासाठी पिताना सगळे मान डावीकडे वळवून हनुवटी खाली घेतात. नवीन लग्न होऊन आलेल्या एका सुनेनं विचारलं, ही कुठल्या गावची रीत, आमच्याकडे तर नाही. वाख्तांगनी तिला सांगितलं, अकोल्याची.

मी खोडून काढलं नाही.